भावाला गोळी घालण्याआधी स्टेशन डायरी उघडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हिंदी अॅक्शनपटाची पटकथा लिहिताय. नायक मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, आहे. धाकटा भाऊ एका टोळीत शिरलाय आणि सुपारी घेऊन झालेल्या खुनात सामील आहे. तपास नायकाकडेच येतो, आई दोघांच्या मध्ये सापडते आणि शेवटी बंद गिरणीत नायक भावाला गोळी घालतो. ज्यांनी ज्यांनी वाचलं ते म्हणतात, शेवट पटत नाही. तुम्ही विचारलंय की खऱ्या पोलिसात असं झालं तर काय होतं, आणि कर्तव्य की घर असा पेच अधिकाऱ्यावर खरंच येतो का.

मी फौजदार म्हणून भरती झालो आणि वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. बरीचशी नोकरी मध्य मुंबईच्या ठाण्यांत आणि मधली काही वर्षं क्राईम ब्रँचच्या युनिटमध्ये गेली. आता लिहिणारी मंडळी पोलिसी तपशील तपासून घ्यायला येतात, त्यामुळे पटकथाही बऱ्याच वाचून झाल्यात. तर पेच येतो. मात्र तुम्ही जिथे ठेवलाय तिथे तो येत नाही. गिरणीत पिस्तूल रोखेपर्यंत नायकाने ठरवावं असं काही शिल्लकच नसतं, सगळं आधीच घडून गेलेलं असतं. प्रेक्षकाला नियम माहीत नसतात, पण एवढं त्याला जाणवतं. शेवट पटत नाही म्हणणाऱ्यांची तक्रार मला वाटतं हीच आहे.

आधी सोपा भाग. केस नायकाकडे राहणार नाही.

गुन्हा दाखल झाला की तपास ठाण्याचा प्रभारी स्वतः करतो किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याला देतो. तिथे कायद्यात नात्यागोत्याचा उल्लेख नाही. पण आरोपी आपल्याच एपीआयचा भाऊ आहे हे ठाण्याच्या वपोनिला (वरिष्ठ पोलीस निरीक्षकाला) कळलं की तासाभरात एसीपींना (सहायक पोलीस आयुक्तांना) फोन जातो आणि तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे, नाहीतर सरळ क्राईम ब्रँचकडे जातो. यात नीतीचा भाग थोडा आणि कोर्टाचा जास्त. भाऊ सुटला तर फिर्यादी म्हणणार, सांभाळून घेतलं. अडकला तर आरोपीचा वकील म्हणणार, घरातलं जुनं भांडण इथे काढलं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये मुकेश सिंह प्रकरणात सांगितलं की फिर्याद देणारा अधिकारीच तपास अधिकारी होता, एवढ्या एका कारणाने आरोपी सुटत नाही. पूर्वग्रह होता का, हे त्या त्या प्रकरणात पाहायचं. नात्याचा मुद्दाही कोर्ट असंच तोलेल असं मी धरून चालतो. पण कुठला वपोनि खुनाच्या केसवर ही जोखीम घेईल?

त्यात तुमच्याकडे टोळी आहे आणि सुपारी आहे, म्हणजे मकोका, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, लावण्याचा विचार होणारच. १९९९ च्या या कायद्याखालचा तपास एसीपी दर्जापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करताच येत नाही, आणि गुन्ह्याला मकोका लावायलाच उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते. तुमचा एपीआय भावाचा तपास अधिकारी होऊच शकत नाही, मग भाऊ सख्खा असो की नसो.

परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं तेही सांगतो. हाणामारीची साधी केस असेल, दुसऱ्या झोनमधली असेल, तर नायकाला कुणी हातही लावणार नाही. फक्त तिकडच्या ठाण्यातला बॅचमेट फोन करून सांगेल, तुझा भाऊ इथे बसलाय. नायक हवालदार असता तर त्याची बदलीसुद्धा कुणाच्या लक्षात आली नसती. आणि नातं कधी कळलं यावरही खूप असतं. पहिल्या दिवशी कळलं तर तो कागदोपत्री फेरबदल असतो. आरोपपत्र दाखल झाल्यावर कळलं तर चौकशी लागते.

म्हणजे अधिकाऱ्याच्या वाट्याला खरा वेळ येतो तो आपल्याला कळल्यापासून ते आपण नोंदवेपर्यंत. कधी तो रात्रभराचा असतो, कधी दहा मिनिटांचा. त्या वेळात फक्त त्यालाच माहीत असतं आणि त्यालाच ठरवायचं असतं. एकदा स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्यातल्या रोजच्या नोंदवहीत, वेळ टाकून नोंद झाली की केस पुढे यंत्रणेची होते, त्याची राहत नाही. तुमच्या पटकथेत हा वेळ एका कटमध्ये संपलाय. माझं म्हणणं, अर्धा चित्रपट तिथे आहे.

तो वेळ कसा भरायचा ते आता नीट सांगतो, कारण लिहिणारे इथे सरळ आईच्या हंबरड्यावर जातात.

खुनाच्या कितीतरी आधी, अगदी किरकोळ गोष्टींपासून हे सुरू होतं. पोलिसाच्या घरातला मुलगा पोलिसाचं नाव वापरायला लागतो. बाईकवर ‘पोलीस’ लिहिलेलं असतं, नाकाबंदीत अडवलं की ‘दादा अमुक ठाण्याला एपीआय आहे’ म्हणतो. ट्रॅफिकचा हवालदार सोडून देतो आणि दुसऱ्या दिवशी दादाला भेटून हसत सांगतो. दादाही हसतो. मग दहीहंडीच्या मंडळाची वर्गणी, मग कुणाचा तरी गाळा खाली करून द्यायचा असतो, तिथे भाऊ नुसता जाऊन उभा राहतो. त्याला बोलावं लागत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं तो कुणाचा भाऊ. टोळीला असा मुलगा फार उपयोगाचा. त्याच्या हातात हत्यार द्यायची गरज नसते, त्याचं आडनाव पुरतं. माझ्या नोकरीत पोलिसाच्या घरचा मुलगा गुन्ह्यात सापडलेला मी जेव्हा जेव्हा पाहिला, तेव्हा मागे अशीच रांग होती. प्रत्येक वेळी घरातल्या अधिकाऱ्याने ‘आता शेवटचं’ म्हणून एक फोन केलेला असायचा. असे दोन-तीन फोन नायकाला पहिल्या अर्ध्या तासात करायला लावा. पुढे त्याला मान खाली घालावी लागेल, आणि त्याचं कारण प्रेक्षकाने स्वतः पाहिलेलं असेल.

नायकाला तुम्ही अंधेरीच्या टॉवरमध्ये ठेवलंय. त्याला पोलीस लाईनीत आणा. नायगाव, वरळी, मरोळ, माहीम, कुठलीही घ्या. वरळी आणि नायगावच्या बीडीडी चाळींत पोलिसांची घरं आणि इतरांची घरं शेजारी शेजारी होती. हवालदाराचा मुलगा आणि ज्याच्यावर पुढे वॉरंट निघायचं तो मुलगा एकाच मैदानात क्रिकेट खेळायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढच्या काही वर्षांत त्या मैदानांवरची कितीतरी मुलं कुठे गेली ते लालबाग-परळच्या जुन्या माणसांना विचारा. दाऊद इब्राहिमचे वडील इब्राहिम कासकर मुंबई पोलिसांत हवालदार होते, हे तर जगजाहीर आहे. हिंदी सिनेमाला बाप डीसीपी, म्हणजे पोलीस उपायुक्त, लागतो. आमच्याकडे हा पेच बहुतेक वेळा हवालदाराच्या आणि फौजदाराच्या दोन खोल्यांत येतो, जिथे दरवाजा लावला तरी शेजारच्या हवालदाराला सगळं ऐकू जातं. अॅक्शनला जागा कमी पडेल, पण ताणाला भरपूर आहे.

ड्युटीही विसरू नका. देवनार ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, त्याआधी बारा तास ही साधी गोष्ट होती आणि गणपती-नवरात्रात तर घर दिसायचं नाही. नायकाचे वडीलही पोलीस असतील तर धाकट्याला बाप दिसला नाही आणि दादाही दिसला नाही. हे संवादात सांगू नका. विसर्जनाच्या रात्री दोघं भाऊ गिरगाव चौपाटीवर दाखवा, एक दोरीच्या आत आणि एक बाहेर.

आता कळण्याचा क्षण. आई येऊन रडत नाही. आजकाल कळतं ते सीडीआरमधून. मृताच्या आणि संशयितांच्या फोनचे कॉल डिटेल्स येतात, डिटेक्शनचा, म्हणजे गुन्हे उघडकीला आणणाऱ्या पथकाचा, एखादा हुशार शिपाई रात्री बसून नंबर जुळवत असतो आणि एका नंबरवर थांबतो. तो त्याच्याही मोबाईलमध्ये सेव्ह असतो, कारण दादाचा फोन लागला नाही की भावाला लावायचा हे सगळ्या पथकाला माहीत असतं. पहिली परीक्षा या शिपायाची आहे. तो कागद वपोनिकडे नेईल की एपीआयकडे? बहुतेक शिपाई एपीआयकडे येईल, कागद पालथा टेबलावर ठेवेल आणि ‘साहेब, एकदा बघून घ्या’ एवढंच बोलेल. म्हणजे त्याने आपली नोकरी नायकाच्या हातात दिली. नायक गप्प बसला तर तो एकटा बुडत नाही. हे एवढं पात्र तुमच्या पटकथेत नाही, ते घ्याच.

गप्प बसला तर काय, हेही त्याला पाठ असणार, आणि तुम्हालाही असलं पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २५९ प्रमाणे ज्याला अटक करणं आपलं काम आहे त्याला लोकसेवकाने जाणूनबुजून सोडलं आणि गुन्हा फाशीच्या शिक्षेचा असेल, तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. खून त्यात बसतो. कुणाला शिक्षेपासून वाचवायला कायद्याचा निर्देश मोडला तर कलम २५५ आहे, पुरावा नाहीसा केला तर २३८. शिवाय खात्याची कारवाई, आणि संविधानाच्या कलम ३११ मधली ती तरतूद, जिच्यामुळे ठरावीक परिस्थितीत चौकशीशिवायही घरी पाठवता येतं. आम्ही हे आकडे घोकत नाही, पण ‘तीनशे अकरा’ म्हटलं की ठाण्यातल्या चहाच्या गप्पा थांबतात.

घरात तर कायदा आणखी विचित्र वागतो, आणि मला वाटतं तुमच्या चित्रपटाचा सगळ्यात चांगला भाग इथे दडलाय. गुन्हेगाराला आसरा देणं हा कलम २४९ खाली गुन्हा आहे आणि मूळ गुन्हा फाशीचा असेल तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आसरा म्हणजे नुसतं लपवणं नव्हे. व्याख्येत जेवण, पाणी, पैसे, कपडे, गाडी सगळं येतं, वाचवण्याचा हेतू असला की झालं. मात्र नवरा किंवा बायकोने दिलेला आसरा या कलमातून वगळलाय. आई वगळलेली नाही. भाऊही नाही. तीच गोष्ट साक्षीची. नवरा-बायकोत लग्नाच्या काळात जे बोलणं झालं ते उघड करायची सक्ती एरवी करता येत नाही. आईला मुलाने काय सांगितलं याला असलं कवच नाही. म्हणजे धाकट्याची बायको त्याला रात्री जेवू घालू शकते आणि तिच्यावर हे कलम लागत नाही. आईने तोच डबा पाठवला तर ती आरोपी होऊ शकते. हिंदी चित्रपट पन्नास वर्षं आईला मध्ये उभी करतोय आणि कायद्याने नेमकं तिलाच काही दिलेलं नाही. सून आणि सासू यांच्यातला हा फरक नायकाला ठाऊक आहे, घरात बाकी कुणालाच नाही. तो आईला सांगेल का? सांगितलं तर तो आरोपीच्या घरच्यांना सल्ला देतोय. नाही सांगितलं तर आईला अडकू देतोय.

आईवर खरंच गुन्हा दाखल होतो का, तर बहुतेक वेळा नाही. तिचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला जातो. आरोपी मिळत नाही म्हणून घरच्यांना ठाण्यात आणून बसवायचं, ही रीत होती. ती तेव्हाही बेकायदा होती. बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिचा जबाब ती राहते तिथे जाऊन घ्यावा लागतो. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १७९ बघा, जुन्या कायद्यातही हेच होतं. म्हणजे दुसरा अधिकारी, शक्यतो नायकाचा बॅचमेट, महिला अंमलदाराला घेऊन नायकाच्या घरी येणार. ज्या घरी त्याने कितीदा जेवण केलंय, तिथे. तो ‘काकू’ म्हणत सुरुवात करणार आणि नायकाला स्वतःच्या घराच्या बाहेर जिन्यात थांबावं लागणार. आतमध्ये आई खोटं बोलणार, कारण ती आईच आहे, आणि बॅचमेटला ते कळणार. एक गोळी न उडवता तुम्हाला इथे अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात जड प्रसंग मिळतो.

पुढे सगळ्यात जास्त वेळा काय होतं ते सांगतो. अधिकारी स्वतःच भावाला हजर करतो. त्याला पकडत नाही, घेऊन येतो. रात्री बोलणं होतं, पहाटे दोघं टॅक्सीने येतात. आणि इथे कर्तव्य जिंकलं असं समजू नका, कारण येण्याआधी तो घासाघीस करतो. कोण तपास करणार, हात लावणार नाही ना, वकील कधी. म्हणजे ज्या खात्यात तो अर्धं आयुष्य काढतोय, त्याच्यावर भावाच्या बाबतीत त्याचा विश्वास आहे का, हाच प्रश्न असतो. तो दुसऱ्यांच्या भावांना आणायचा तेव्हा त्यांच्या घरचे हेच विचारायचे. चकमकींच्या काळात तर पोलिसांनी कुणाला उचललं की घरचे आधी तारघर गाठायचे आणि न्यायमूर्तींना, गृहमंत्र्यांना तारा करायचे, ताब्यात घेतल्याची वेळ कुठेतरी नोंद व्हावी म्हणून. तार २०१३ मध्ये बंद झाली, आता व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ जातो. तुमची कथा नव्वदच्या दशकात नेलीत तर पोलिसाच्याच आईने अशी तार केलेली दाखवता येईल.

अटकेच्या वेळचा एक तपशील वापरा. अटक केली की आरोपीच्या नातेवाईकाला कळवावं लागतं आणि कुणाला कळवलं त्याची नोंद करावी लागते. फॉर्मवर त्या रकान्यात नायकाचं नाव येणार. बॅचमेट समोर बसून त्याला विचारणार, ‘नातं?’ आणि तो ‘सख्खा भाऊ’ म्हणणार. मग सही. आधी शंभर वेळा भरलेला फॉर्म, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने.

भावाला माफीचा साक्षीदार करण्याचा मोह नायकाला होईल. दाखवा, पण सांभाळून. माफी देणं कोर्टाच्या हातात असतं, ‘सगळं सांग, तुला सोडवतो’ असं अधिकारी म्हणाला तर ते आमिष झालं आणि कबुली वाया गेली.

कबुलीवरून आठवलं. ‘दीवार’मध्ये फौजदार असलेला रवी आपल्या स्मगलर भावासमोर, विजयसमोर, कबुलीजबाबाचा कागद ठेवून सही मागतो. प्रसंग म्हणून अप्रतिम, पण त्या सहीला कोर्टात काही किंमत नव्हती. पोलिसासमोरची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, तेव्हाही आणि आताही. मकोकात अपवाद आहे, तिथे डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. पण १९७५ मध्ये मकोका नव्हता आणि रवी डीसीपीही नव्हता. पटकथा लिहिणाऱ्या सलीम-जावेद यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांना सही हवी होती ती भावाची भावाला, कोर्टासाठी नव्हे, म्हणून कायदा मोडूनही तो प्रसंग उभा राहतो. तेव्हा नियम मोडायचा असेल तर मोडा, पण कशासाठी मोडतोय ते तुम्हाला माहीत असू द्या.

आता तुमची शेवटची गोळी. अटक करताना लागेल तेवढं बळ वापरता येतं, पण फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोपी नसेल त्याचा जीव घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तुमचा भाऊ खुनाचा आरोपी आहे, त्यामुळे ही मर्यादा त्याला लागू नाही. पण तेवढ्याने गोळी घालायचा परवाना होत नाही, बळ तरीही अटकेपुरतंच आवश्यक हवं. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसाला आहे, जेवढा तुम्हाआम्हाला आहे तेवढाच. मुंबई पोलिसांच्या १९९५ ते १९९७ मधल्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू यांवरून पीयूसीएल ही नागरी हक्कांची संस्था कोर्टात गेली, आणि त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये चकमकीत मृत्यू झाला तर काय करायचं ते ठरवून दिलं. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे, दंडाधिकारी चौकशी, शस्त्र जमा. घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही. ‘दीवार’ सुरू होतो तो रवीला मिळणाऱ्या पदकाच्या सोहळ्याने. आज ते पदक त्याला इतक्या सहज मिळणार नाही. तुमच्या नायकाने गोळी घातली तर दुसऱ्या दिवशी तो स्वतः जबाब देत बसलेला असेल, आणि पहिला प्रश्न असेल, तुम्ही तिथे होता कशाला? केस तर तुमच्याकडे नव्हती. आणि बंद गिरणी म्हणाल तर ती आता शूटिंगपुरतीही शोधावी लागते. फिनिक्स आणि कमला या जुन्या गिरण्यांच्या जागी जाऊन बघा आता काय आहे.

तुम्ही ‘शक्ती’चा उल्लेख केलाय म्हणून तेवढं बोलतो. १९८२ चा रमेश सिप्पींचा चित्रपट, दिलीपकुमार डीसीपी, अमिताभ मुलगा, शेवटी विमानतळावर बाप मुलाला गोळी घालतो. सगळे तो विमानतळ घेतात, तुम्हीही घेतलात. पण चित्रपट उभा आहे तो सुरुवातीच्या अपहरणावर. लहान मुलगा टोळीच्या ताब्यात आहे, फोनवर बाप त्यांची मागणी नाकारतो आणि ते मुलगा ऐकतो. बापाची निवड तिथेच होते, मुलगा दहाएक वर्षांचा असताना. बाकी अडीच तास तिची फेड चाललेली असते आणि विमानतळावर नवीन काही ठरत नाही. खऱ्या पोलिसात त्या बापाला फोनजवळ बसूच दिलं नसतं, ओलीस घरचा असेल तर बोलणी दुसऱ्याने करायची असतात. पण निवड लवकर होते, हे त्यांनी बरोबर पकडलंय. तुमच्याकडे ती उशिरा होते आणि तीही पिस्तुलाने.

मी असतो तर क्रम असा बदलला असता. सुरुवातीला भावासाठी केलेले फोन, त्यातला एक असा की त्याने दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं. मध्याच्या आधी सीडीआरचा कागद आणि शिपाई. मध्यंतराला नायकाने नोंद केलेली नाही. तो बाईक घेऊन भावाला शोधायला निघालाय, आणि तुमची अॅक्शन हवी तेवढी इथे घाला, कारण आता तो टोळीपासून आणि खात्यापासून एकाच वेळी पळतोय. उत्तरार्धात आईचा जबाब, मग दोन भावांची रात्र, मग हजर करणं. गोळी उडायचीच असेल तर ती टोळीने उडवावी, कोर्टाच्या आवारात किंवा आर्थर रोड तुरुंगाच्या वाटेवर, आणि भावाच्या बाजूला त्या वेळी नायक नसून तो शिपाई असावा. निर्माता नायकाच्या हातात पिस्तूल मागेल. द्या, पण टोळीवर चालवायला.

भाषेचं एक. हिंदी चित्रपट असला तरी मुंबईच्या ठाण्यात आपसात मराठी चालतं, हिंदी आरोपीशी किंवा फिर्यादीशी. शिपाई एपीआयला ‘साहेब’ म्हणतो, एपीआय वपोनिला ‘सर’, बॅचमेट एकमेकांना आडनावाने. धाकटा त्याला ‘भाई’ म्हणणार नाही, ‘दादा’ म्हणेल, आणि ज्या दिवशी तो दादाला सगळ्यांसमोर ‘साहेब’ म्हणेल त्या दिवशी तुम्हाला वेगळा संवाद लिहावा लागणार नाही.

रिमांडच्या वेळी किल्ला कोर्टात जाऊन बसा. कोर्ट खुलं असतं, कुणी अडवणार नाही. दोन-तीन दुपारी बाकावर बसून नातेवाईक पोलिसांशी कसे बोलतात ते ऐका. पुढचा मसुदा झाला की आईच्या जबाबाचा प्रसंग तेवढा पाठवा, बघतो. मारामाऱ्या फाईट मास्टरला दाखवा, त्यातलं मला काही कळत नाही.